टीव्ही बघून हाव वाढते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीव्ही आणि चंगळवाद हा विषय निघाला की तेच ते प्रश्न फिरून फिरून येतात. काही कुतूहलाने विचारलेले असतात, तर काही ‘माझ्यावर नाही हो असला परिणाम होत’ हे ऐकवण्यासाठी. दोन्ही प्रकारच्या प्रश्नांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत. मी टीव्हीचा वैरी नाही, हे आधीच सांगतो. रोज बघतो, आणि ठरवलेल्या वेळेपेक्षा जास्तच बघतो.

‘भौतिकवादी मूल्यं’ म्हणजे काय? चार्वाकाचा भौतिकवाद तो हाच का?

नाही. तत्त्वज्ञानातला भौतिकवाद, ज्याला जडवाद असंही म्हणतात, जग कशाचं बनलं आहे याबद्दल बोलतो. इथला मुद्दा त्याहून घरगुती आहे. तुमच्या आयुष्यात पैशाला आणि वस्तूंना मान किती?

मार्शा रिचिन्स आणि स्कॉट डॉसन या अमेरिकी संशोधकांनी १९९२ मध्ये हे मोजण्यासाठी १८ विधानांची एक प्रश्नावली केली. ती आजही वापरात आहे. तिच्यात तीन धागे आहेत. वस्तू मिळवणं हेच आयुष्याच्या मध्यभागी असणं, हा पहिला. ‘अमुक एक मिळालं की मी सुखी होईन’ असं वाटणं, हा दुसरा. आणि माणूस किती यशस्वी आहे हे त्याच्याकडे काय काय आहे त्यावरून ठरवणं, हा तिसरा. त्याआधी १९८५ मध्ये रसेल बेल्क यांनी याच गोष्टीकडे वेगळ्या अंगाने पाहिलं होतं. त्यांना तिच्यात ‘माझं ते माझंच’ ही चिकट वृत्ती, देताना आखडणारा हात आणि मत्सर दिसले.

म्हणजे एखाद्याला चांगल्या पेनाची हौस असेल तर तो काही भौतिकवादी ठरत नाही. दुसऱ्याच्या खिशातलं पेन बघून त्या माणसाची किंमत ठरवायला लागला, की मात्र ठरतो. आणि याचा खिशातल्या पैशाशी थेट संबंध नाही. गडगंज श्रीमंत माणूस यातून सुटलेला असू शकतो आणि हातावर पोट असलेला यात पुरता अडकलेला असू शकतो.

मग टीव्ही बघून ही मूल्यं वाढतात का? हो की नाही ते सांगा.

हो. थोडी, आणि हळूहळू.

या विचाराचं मूळ जॉर्ज गर्बनर यांच्या कामात आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून ते आणि त्यांचे सहकारी टीव्हीवर काय दिसतं याची पद्धतशीर नोंद ठेवत होते. सुरुवात झाली ती पडद्यावरच्या हिंसेपासून. त्यांचं म्हणणं असं की, एखादा कार्यक्रम बघून माणूस बदलत नाही. वर्षानुवर्षं रोज काही तास एकाच प्रकारच्या जगात बसून राहिलं, की ते जग खऱ्या जगाच्या जागी येऊन बसतं. आपल्याकडे यासाठी जुनी म्हण आहेच: ढवळ्याशेजारी बांधला पोवळ्या, वाण नाही पण गुण लागला. गर्बनर यांनी त्यांच्या सिद्धांताला इंग्रजीत जो शब्द वापरला त्याचा शब्दशः अर्थ मशागत असा होतो. तो मला फार चपखल वाटतो. नांगर एकदाच फिरवून कुणी शेत करत नाही.

‘थोडी’ म्हणजे किती?

जेम्स शानहन आणि मायकेल मॉर्गन यांनी अशा मशागतीवरच्या दोन दशकांच्या अभ्यासांची एकत्र गोळाबेरीज १९९७ मध्ये मांडली. त्यात हिंसेपासून लिंगभेदापर्यंत सगळे विषय होते. टीव्ही बघणं आणि लोकांच्या समजुती यांच्यातला सहसंबंध सरासरी ०.०९ च्या आसपास निघाला. पूर्ण संबंध असेल तर हा आकडा १ असतो आणि अजिबात नसेल तर ०. म्हणजे माणसामाणसांतल्या फरकाचा एक टक्कासुद्धा टीव्हीच्या पदरात पडत नाही.

इथे दोन चुका होतात. ‘टीव्हीनं समाज बिघडवला’ म्हणणारे हा आकडा सांगतच नाहीत. ‘काही होत नाही’ म्हणणारे एवढाच आकडा सांगून थांबतात. खरी अडचण अशी आहे की, हा आकडा जास्त बघणाऱ्यांची तुलना कमी बघणाऱ्यांशी करतो. कमी बघणारेही त्याच समाजात राहतात, त्याच मालिकांवर गप्पा मारतात, त्याच शेजाऱ्यांशी स्वतःची तुलना करतात. सगळं गावच एका विहिरीचं पाणी पीत असेल, तर रोज चार तांबे पिणारा आणि एक तांब्या पिणारा यांच्यात फार फरक दिसायचा नाही. त्यावरून पाण्यात काही नव्हतं असं म्हणता येत नाही.

जाहिराती लागल्या की मी चॅनल बदलतो. मग मला काय धोका?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो. त्यामागचा समज असा, की वस्तूंची हाव जाहिरातींतून शिरते आणि कार्यक्रम हा निरुपद्रवी भाग आहे. मला नेमकं उलटं वाटतं.

जाहिरात आपला हेतू लपवत नाही. ती म्हणते, घ्या. तेवढ्याने आपण सावध होतो, थट्टा करतो, आवाज बंद करतो. मालिका मात्र कधीच ‘घ्या’ म्हणत नाही. मालिकेत नवरा-बायकोचं भांडण चाललेलं असतं आणि आपलं सगळं लक्ष भांडणात असतं. मागे प्रशस्त दिवाणखाना असतो, दिवसाउजेडीही सगळे दिवे लागलेले असतात, पायऱ्यांचा जिना वर कुठेतरी जातो आणि जमिनीवर एक कागदाचा कपटा नसतो. झाडताना कुणी दिसत नाही. पगाराची तारीख कधी येत नाही. कोणी कामावरून काढून टाकला तरी दुसऱ्या दिवशी त्याच घरात, वेगळ्या कपड्यांत उभा असतो. या कशावरही कुणी काही बोलत नाही, आणि म्हणूनच ते डोक्यात जातं. ज्याचा उल्लेख होत नाही ते आपण नेहमीचं समजतो.

थॉमस ओग्विन आणि एल. जे. श्रम (आडनावच श्रम, कष्टांशी संबंध नाही) यांनी १९९७ मध्ये लोकांना अंदाज करायला सांगितलं: किती घरांत टेनिसचं मैदान असेल, किती जणांकडे टप उघडता येणारी गाडी असेल, गाडीत फोन असेल, घरी नोकर असतील? त्या काळी गाडीतला फोन ही चैन होती. जास्त टीव्ही बघणाऱ्यांचे अंदाज चढे निघाले. त्यांना वाटत होतं की या गोष्टी खूप जणांकडे असतात.

माझ्या मते सगळं घोडं इथे पेंड खातं. टीव्ही आपल्याला ‘हाव धर’ असं शिकवत नाही. ‘सगळ्यांकडे असतं’ यातले ‘सगळे’ कोण, एवढंच तो बदलतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. पण अंथरूण दुसऱ्याचंच दिसत असेल तर पाय आपोआप लांब होतात, आणि आपण शहाण्यासारखेच वागतोय असं वाटत राहतं.

पण श्रीमंत पात्रं तर खलनायकच असतात. हावरटपणा वाईट, हाच संदेश ना?

शेवटच्या भागात, हो. तोवर शेकडो भाग आपण त्याच घरात राहून आलेलो असतो. खलनायिकेला शिक्षा होते, तिच्या सोफ्याला होत नाही. आणि नायिकेचं भलं झालं म्हणजे काय झालं हे दाखवायची वेळ येते तेव्हा ती कुठे राहायला जाते, ते आठवून बघा.

मला कळतं हो, हे सगळं खोटं आहे.

कळतं, याबद्दल वाद नाही. पण कळून उपयोग होतो तो एका गोष्टीपुरता, दुसऱ्या गोष्टीत तो उलटतो. हा भाग जरा सावकाश वाचावा लागेल.

श्रम यांनी दोन प्रकारचे निष्कर्ष वेगळे केले. पहिला प्रकार अंदाजाचा: किती लोकांकडे गाडी असते? असा प्रश्न आला की आपण आठवणीत हात घालतो आणि जे चटकन हाताला लागतं त्यावरून उत्तर देतो. टीव्हीवर पाहिलेलं आणि प्रत्यक्ष पाहिलेलं तिथे एकाच ढिगात पडलेलं असतं. मात्र ‘थांबा, हे तर मालिकेत बघितलं होतं’ असं लक्षात आणून दिलं, किंवा विचार करायला सवड दिली, तर अंदाज बराच सुधारतो. इथे शहाणपण कामाला येतं.

दुसरा प्रकार मूल्यांचा: यशस्वी कोणाला म्हणायचं, सुख कशात आहे? हे कुणी विचारल्यावर आपण नव्याने ठरवत नाही. ते बघता बघताच, गोष्ट चालू असताना घडत जातं. त्यामुळे इथे गणित फिरतं. श्रम, जेम्स बरोज आणि आरिक रिंडफ्लाइश यांनी २००५ मध्ये दाखवलं की, जास्त टीव्ही आणि जास्त भौतिकवाद यांचा संबंध लक्ष देऊन बघणाऱ्यांमध्ये आणि एरवीही डोकं चालवायला आवडणाऱ्यांमध्ये अधिक घट्ट होता. पुढे २०११ मधल्या एका प्रयोगात श्रीमंतीने भरलेली गोष्ट दाखवल्यावर परिणाम दिसला तो गोष्टीत हरवून गेलेल्यांवर.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता. टीव्ही चालू ठेवून भाजी निवडणारा माणूस सुटतो आणि मन लावून बघणारा रसिक सापडतो, हा कुठला न्याय? पण गोष्टीचं कामच ते आहे. पात्राच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय गोष्टीत मजा येत नाही, आणि त्याच्या डोळ्यांनी बघायचं तर त्याला जे हवंय ते तेवढ्यापुरतं आपल्यालाही हवं असावं लागतं.

ता. क. ‘बाकीच्यांवर होतो, माझ्यावर नाही’ या भावनेलाही समाजशास्त्रात नाव आहे. फिलिप्स डेव्हिसन यांनी १९८३ मध्ये ते दिलं: तिसऱ्या माणसाचा परिणाम. प्रत्येकाचा तिसरा माणूस दुसराच कोणी असतो.

कशावरून? कदाचित हावरट माणसंच जास्त टीव्ही बघत असतील.

रास्त शंका. नुसत्या सर्वेक्षणांतून ती फिटत नाही. पैसेवाल्यांचं जग बघायला आवडतं म्हणून मालिका लावणारेही असणारच. त्यामुळे संशोधक अशा जागा शोधतात जिथे टीव्ही कोणाकडे पोहोचला आणि कोणाकडे नाही हे लोकांच्या आवडीवर अवलंबून नव्हतं.

अशी एक जागा सरकारी कारभाराने तयार केली. अमेरिकेत १९४८ ते १९५२ या काळात नव्या टीव्ही केंद्रांना परवाने देणं थांबवलं होतं. त्यामुळे काही शहरांत टीव्ही आधी आला, काहींत बऱ्याच उशिरा. कॅरन हेनिगन आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दोन्ही गटांच्या गुन्ह्यांच्या नोंदी ताडून पाहिल्या. सगळ्यांना अपेक्षा होती ती खून-मारामाऱ्या वाढल्याची. त्यात टीव्हीचा माग लागला नाही. वाढल्या होत्या त्या किरकोळ चोऱ्या. आधी टीव्ही आलेल्या शहरांत त्या आधी वाढल्या, नंतर आलेल्या शहरांत नंतर. अभ्यासकांनी याचा लावलेला अर्थ असा की, पडद्यावरची सुबत्ता पाहून आपल्याकडे काय नाही याची बोच वाढली. हा एक अर्थ आहे, सिद्धांत नव्हे. पण टीव्हीवर गोळीबार भरपूर आणि भुरट्या चोऱ्या कमीच, हे लक्षात घेतलं तर चोऱ्या बघून शिकल्या असं म्हणणं कठीण जातं.

दुसरी जागा पूर्व जर्मनी. शीतयुद्धाच्या काळात तिथल्या बहुतेक लोकांना भिंतीपलीकडचा, म्हणजे पश्चिम जर्मनीचा टीव्ही दिसायचा. ड्रेस्डेनच्या आसपासचा खोलगट भाग आणि ईशान्येचा एक कोपरा एवढ्या ठिकाणी लहरी पोहोचत नसत. ड्रेस्डेनच्या त्या भागाला लोक थट्टेने ‘अजाणांचं खोरं’ म्हणत, आणि ‘एआरडी’ या पश्चिमेकडच्या वाहिनीच्या आद्याक्षरांचा अर्थ ‘ड्रेस्डेन सोडून’ असा लावत. लहरी डोंगर ओलांडत नाहीत, यात कोणाच्या स्वभावाचा काही संबंध नाही. म्हणून तुलना बऱ्यापैकी स्वच्छ होते.

वाल्टर हिल आणि लुट्झ श्नायडर यांनी या खोऱ्याच्या आधारे दाखवलं की टीव्ही बघण्याने भौतिक आकांक्षा वाढतात. लिओनार्डो बर्स्टिन आणि डाव्हिडे कँटोनी यांनी २०१६ मध्ये त्यापुढची गोष्ट तपासली. एकत्रीकरणानंतर सगळ्यांना दुकानं उघडी झाली तेव्हा कोणी काय घेतलं? ज्यांनी पश्चिमेचा टीव्ही पाहिला होता त्यांचा एकूण खर्च जास्त नव्हता, बचतही कमी नव्हती. पण ज्या प्रकारच्या वस्तूंच्या जाहिराती त्या टीव्हीवर जास्त असत, त्या वस्तूंकडे त्यांचा खर्च अधिक वळला होता. भिंत असताना त्यातल्या बहुतेक वस्तू त्यांना घेता येत नव्हत्या, तरी आवड तयार होऊन बसली होती.

याच भागावरचा आणखी एक निष्कर्ष गंमतीचा आहे. होल्गर कर्न आणि येन्स हाइनम्युलर यांना असं आढळलं की, पश्चिमेचा टीव्ही बघणारे पूर्व जर्मन आपल्या राजवटीवर जरा अधिकच समाधानी होते. करमणूक झाली की माणूस निवांत होतो. टीव्हीचे परिणाम एका सरळ रेषेत जात नाहीत, हे कायम ध्यानात ठेवावं.

मुलांवर जास्त परिणाम होतो का?

लहान मुलांवर जाहिरातींचा होतो, आणि तो चटकन दिसतो.

१९७८ मध्ये मार्विन गोल्डबर्ग आणि जेराल्ड गॉर्न यांनी चार-पाच वर्षांच्या मुलांना एक कार्यक्रम दाखवला. काहींच्या कार्यक्रमात एका खेळण्याची जाहिरात होती, काहींच्यात नव्हती. मग विचारलं: वाळूत मित्रांबरोबर खेळशील की एकटा त्या खेळण्याशी? जाहिरात न पाहिलेल्या मुलांचा कल मित्रांकडे अधिक होता. पुढे आणखी एक निवड ठेवली: खेळणं नसलेला पण चांगला मुलगा, की खेळणं असलेला पण तितकासा चांगला नसलेला मुलगा? जाहिरात पाहिलेल्यांपैकी अधिक जण खेळणं असलेल्याकडे गेले. एका बैठकीत हा फरक पडला. तो किती टिकला हा भाग वेगळा, पण मूल्यं बदलणं म्हणजे काय याचं याहून सोपं चित्र माझ्या पाहण्यात नाही.

थोड्या मोठ्या, आठ ते अकरा वर्षांच्या मुलांचा नेदरलँड्समध्ये कालांतराने पुन्हा पुन्हा अभ्यास झाला. सुझाना ओप्री आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की जाहिराती जास्त पाहणाऱ्या मुलांमध्ये नंतर भौतिकवाद वाढलेला दिसतो, आणि तो वाढतो जाहिरातीतल्या वस्तू हव्याशा वाटण्याच्या वाटेने. आधी ‘ते हवं’, मग ‘वस्तू महत्त्वाच्या’.

वयाचा आलेख मात्र सरळ चढत जात नाही. लान चॅप्लिन आणि डेबोरा जॉन यांच्या २००७ मधल्या अभ्यासात आठ-नऊ वर्षांपासून बारा-तेरापर्यंत भौतिकवाद वाढलेला दिसला, आणि सोळा-अठराच्या वयात तो पुन्हा उतरला. मुलांच्या स्वतःबद्दलच्या मताचा आलेख नेमका उलटा: मधल्या वयात तो खाली जातो. मधल्या वयातल्या मुलांना त्यांच्याबद्दलच्या चांगल्या गोष्टी ऐकवल्या, एवढ्यानेही वस्तूंचं वेड कमी झालं. तेरा वर्षांचं मूल बुटांच्या ब्रँडसाठी हटून बसतं तेव्हा ते बुटांबद्दल बोलत नसतं, एवढं पालकांनी लक्षात घेतलं तरी निम्मं भांडण टळेल.

मग टीव्ही बंदच करावा का? कायद्याने जाहिराती थांबवाव्यात का?

घरापुरतं ज्याचं त्याने ठरवावं. तोडून टाकलेली गोष्ट मुलं शेजारी जाऊन बघतात, हा अनुभव जुना आहे.

कायद्याचे प्रयोग झालेले आहेत. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १३ वर्षांखालच्या मुलांना उद्देशून केलेल्या व्यापारी जाहिरातींवर १९८० पासून बंदी आहे आणि कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ती उचलून धरली. स्वीडनने १९९१ मध्ये १२ वर्षांखालच्या मुलांना उद्देशून टीव्हीवर जाहिराती करायला मनाई केली, पण परदेशातून प्रसारित होणाऱ्या वाहिन्यांना ती लागू पडेना. ब्रिटनमध्ये २०११ पासून कार्यक्रमात पैसे घेऊन वस्तू दाखवायला परवानगी मिळाली, मात्र पडद्याच्या कोपऱ्यात ‘पी’ हे अक्षर दाखवावं लागतं. मला ही अक्षराची युक्ती आवडते, पण तिची मर्यादाही उघड आहे. ज्या सोफ्यासाठी कुणी पैसे दिलेले नाहीत, तो सोफा कोणत्या अक्षराने दाखवणार?

घरी प्रत्यक्षात काय करता येतं?

बोलणं. सल्ला फारच साधा वाटतो, म्हणून त्यामागचा पुरावा सांगतो. जॉर्ज मोस्किस आणि रॉय मूर यांनी १९८२ मध्ये किशोरवयीन मुलांचा १४ महिन्यांच्या अंतराने दोनदा अभ्यास केला. टीव्ही जाहिरातींमुळे भौतिकवाद वाढलेला दिसला तो ज्या घरांत खरेदी, पैसा, निवड यांवर बोलणंच होत नव्हतं तिथे. जिथे बोलणं होतं तिथे तो परिणाम दिसला नाही.

बोलणं म्हणजे प्रवचन नव्हे. टीव्ही चालू असताना, मध्येच, सहज. ‘हा कामाला कधी जातो गं?’ ‘एवढं मोठं घर झाडतं कोण?’ ‘ह्यांचं वीजबिल किती येत असेल?’ असले प्रश्न मुलांना फार आवडतात आणि काही दिवसांत ती तुमच्याआधी विचारायला लागतात. त्यांना पात्रांच्या कपाटांचा हिशोब करायचा नादच लागतो. गोष्टीत रमणं हेच परिणामाचं दार असेल तर अशी एखादी कोपरखळी ते दार किलकिलं ठेवते. मालिकेची मजा थोडी कमी होते, हे कबूल.

ज्यांना पाठपुरावा जमतो त्यांच्यासाठी: टिम कॅसर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ७१ कुटुंबांतल्या किशोरवयीन मुलांवर प्रयोग केला. मुलं आणि पालक तीन सत्रांत एकत्र बसून खर्च, बचत आणि दुसऱ्याला देणं यांवर बोलली. ज्या मुलांना वस्तूंची ओढ आधीच जास्त होती त्यांच्यात पुढे स्वतःबद्दलचा आदर अधिक टिकलेला दिसला.

वस्तू हव्याशा वाटल्या तर बिघडलं काय? गरिबाने स्वप्नं बघू नयेत का?

जरूर बघावीत. हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि तो राग योग्य आहे. ज्याच्या घरात पंखा नाही त्याला पंखा हवासा वाटणं याला भौतिकवाद म्हणत नाहीत, उकाडा म्हणतात. भरल्या पोटी दुसऱ्यांना साधेपणा शिकवणाऱ्यांशी माझं कधीच जमलं नाही.

संशोधनाचा मुद्दा वेगळा आहे. हेल्गा डिटमार आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अडीचशेहून अधिक नमुन्यांची एकत्रित तपासणी केली. वस्तू आणि पैसा यांना आयुष्यात जितकं वरचं स्थान, तितकं समाधान थोडं कमी, असा कल सातत्याने दिसला. ‘थोडं’ हा शब्द पुन्हा लक्षात घ्यावा. आणि हे मिळकतीबद्दल नसून मूल्यांबद्दल आहे. ब्रूनो फ्राय, क्रिस्टीन बेनेश आणि अलोइस श्टुत्झर यांनी २००७ मध्ये युरोपातल्या पाहण्यांतून दाखवलं की खूप टीव्ही बघणारे आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात, आणि त्यांच्या भौतिक आकांक्षा जास्त असतात. पडद्याने ‘पुरेसं’ची रेघ वर सरकवली, की आहे तेवढंच असूनही माणूस रेघेखाली येतो. खिशातून काही गेलेलं नसतं आणि तरी कमी पडायला लागतं.

टीव्हीने काही चांगलं केलंच नाही का?

केलं की. ब्राझीलमध्ये एका मोठ्या वाहिनीच्या मालिकांत लहान कुटुंबं दिसत. ती वाहिनी जसजशी नव्या भागांत पोहोचत गेली तसतसा तिथला जन्मदर खाली आला, असं एलियाना ला फेरारा आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं. यंत्रणा तीच: न सांगता दाखवलेलं ‘नेहमीचं’ जग.

ओटीटीवर जाहिराती नाहीत. आणि आता टीव्ही बघतं कोण?

जाहिराती परत आल्या आहेत. नेटफ्लिक्सनेच नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहिरातींसहचा स्वस्त पर्याय काढला. पण वर म्हटलं तसं, खरा प्रश्न जाहिरातींचा नव्हताच. सलग आठ भाग बघताना माणूस गोष्टीत जितका बुडतो तितका तो आठवड्याला एक भाग बघताना बुडत नसे.

फोनवरच्या छोट्या व्हिडिओंनी एक बदल केला. लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्येच लिहिलं होतं की माणूस स्वतःला जोखायला आपल्यासारख्यांशी तुलना करतो. टीव्हीने आपल्याशेजारी श्रीमंत पात्रं आणून बसवली, तरी ती नट होती हे माहीत होतं. फोनवर दिसणारी माणसं नट वाटत नाहीत. ती आपल्याच वर्गातली वाटतात, कधीकधी असतातही. त्यामुळे ‘खोटं आहे ते’ ही शेवटची ढालही तिथे हातात राहत नाही. त्यावर वेगळं लिहावं लागेल.

माझ्यावर परिणाम झालाय हे ओळखायचं कसं?

ठाम चाचणी नाही. मी एक खेळ करतो. एखादी वस्तू बदलावीशी वाटली की विचारतो: ती बिघडली कधी? काही वर्षांपूर्वी मला आमचं स्वयंपाकघर अचानक अंधारं आणि कोंदट वाटायला लागलं. मध्यभागी एक ओटा हवा, वरून लोंबते दिवे हवेत, असं मी घरात बोलूनही दाखवलं. मापं घेताना बायकोने विचारलं, ‘मधोमध ओटा टाकल्यावर आपण उभं कुठे राहायचं?’ जागा चार पावलांची. तेव्हा लक्षात आलं, की गेले दोन महिने रात्री मी ज्या मालिकेत बुडालो होतो तिच्यातली सगळी महत्त्वाची संभाषणं अशाच एका ओट्याभोवती होत होती. त्या ओट्यावर कोणी कधी काही शिजवलेलं मात्र मला आठवत नव्हतं.

भिंतीला पांढरा रंग दिला आणि दिवा बदलला. मालिकेचे तीन भाग राहिले होते, ते बघितले.